पाणी सोडा, पंखा लावा

माझा दादा आयुष्यभर पाणी सोडत आला. नोकरीच तशी होती. पाणीपुरवठ्याच्या खात्यात तो चावीवाला. स्वतःच्या खांद्याएवढी लोखंडी चावी सायकलला बांधून पहाटे निघायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा, चावी आत घालून फिरवायचा, की त्या भागातले नळ खोकत-खोकत सुरू. खिडक्या-खिडक्यांतून बायका ओरडायच्या, "चावीवाले, पाणी सोडा हो!" हा वर न बघता म्हणायचा, "सोडतोय, सोडतोय." ताप असो, पाय मुरगळलेला असो, गल्लीत कुणी तहानलेलं राहिलं नाही. याचा त्याला केवढा गर्व! निवृत्त झाल्यावरही नळ जरा बारीक आला की म्हणायचा, "पोरांना चावी फिरवायची अक्कल नाही. हिसका देतात मेले."

आणि अशा माणसाची मुलगी कसली झाडं वाढवणार, तर पाण्याला भिणारी.

मी त्याची धाकटी बहीण. त्याच घरात राहते. लग्न केलं नाही म्हणा, जमलं नाही म्हणा, मला दोन्ही चालतं. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात केली. दोन माणसांच्या मधे बसून तार जोडून द्यायची आणि गप्प बसायचं. त्यामुळे माणूस बोलतो काय आणि पलीकडे पोचतं काय, याबद्दल माझ्या मनात पहिल्यापासूनच फारसे भ्रम नाहीत. वहिनी लवकर गेली, तेव्हा चिमी शाळेत होती. मग ती माझ्याच हाताखाली वाढली. दादा तिच्यावर जीव टाकायचा, पण बोलायला गेला की हटकून वाद. दोघांच्याही नाकावर माशी बसायची नाही. एकाने "दिवस" म्हटलं की दुसऱ्याने "रात्र" म्हणायचं आणि मी चहा ठेवायचा, असं आमचं घर चालायचं.

चिमीच्या झाडांना सक्युलंट म्हणतात. मी त्यांना गुब्ब्या म्हणायचे. काही बशीएवढ्या, काही तर कोटाच्या बटणाएवढ्या. जाड गुबगुबीत पानं, एकावर एक गोल रचलेली, वर पावडर लावल्यासारखा पांढरा थर. बोट लागलं की थर निघून डाग पडायचा, आणि तो डाग पुन्हा भरून यायचा नाही. म्हणून दादा गॅलरीत शिरला की ती आधीच ओरडायची, "बाबा, लांबून!" ही झाडं मूळची थंड, कोरड्या डोंगरांवरची. आमच्याकडची हवा म्हणजे वर्षभर ओला टॉवेल अंगावर घेतल्यासारखी. मिठाचे गोळे होतात, काडी पेटत नाही, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. रात्रीसुद्धा गारवा नाही. अशा हवेत त्या गुब्ब्या खालून काळ्या पडायच्या आणि एका दिवसात बसायच्या. चिमीने काय-काय केलं! मातीऐवजी विटेचा चुरा, कोळसा आणि जाड रेती घेतली, बिनरंगाच्या मातीच्या कुंड्या आणल्या, वर पारदर्शक पत्रा घातला आणि समोर पंखा लावला. पंखा चोवीस तास. "त्यांना पाणी कमी पडून मरण येत नाही आत्या, वारा कमी पडून येतं," असं ती मला सांगायची, आणि येईल त्या गिऱ्हाइकालाही.

दादा म्हणायचा, "घरातल्या म्हाताऱ्यांना पंखा नाही आणि या रुसूबाईंना चोवीस तास!" ते खोटंही नव्हतं.

त्याचं म्हणणं एवढंच की पोरीने नोकरी धरावी. त्याच्या जुन्या साहेबांनी शब्द दिला होता, खात्याच्या बिलाच्या खिडकीवर एक जागा आहे, मुलीला पाठव. खुर्ची, पंखा, पेन्शन. हे तो जेवताना काढायचा आणि ती अर्ध्या ताटावरून उठायची. "बाबा, तुम्हाला माझं काम म्हणजे खेळ वाटतो." "खेळ नाही तर काय? भातुकलीच आहे ती, कुंड्यांचे आकार बघ!" मग दोन दिवस अबोला.

पण खेळ नव्हता तो. तीन-चार वर्षांपूर्वी तिने दोन जातींची फुलं बारीक ब्रशने एकमेकांना लावली, त्यांचं धुळीसारखं बी पेरलं. रोपं आली ती पहिल्या पावसाळ्यात सगळी गेली, एक सोडून. त्या एकाची पानं तोडून तिने पुन्हा रोपं केली. एक पान कोरड्या रेतीवर नुसतं ठेवायचं, की महिन्याभरात त्याला गुलाबी मुळं फुटतात आणि टोकाला मण्याएवढं पिल्लू येतं. अशी तिने ताटंभर रोपं केली आणि त्या जातीचं नाव ठेवलं चिवटी. राखाडी-हिरवी, पानांची टोकं वाईनच्या रंगाची. दिसायला काही विशेष नाही, पण आमच्या हवेत टिकणारी. डोंगरावर एका बाईंची मोठी रोपवाटिका आहे. त्या येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "मुली, हा अख्खा पावसाळा यातली निम्मी जरी तगली, तर आपण दोघी मिळून ही वाढवू. तू माझ्याकडे ये, रोपं तुझ्या हाताखाली." त्या दिवशी चिमी पायऱ्या दोन-दोन चढत वर आली. दादा "बघू" एवढंच म्हणाला. त्याच्या मानाने ते बरंच होतं.

पावसाळा निम्म्याहून जास्त सरला. चिवटी टिकली होती. आणि मग चिमीच ओल्या जिन्यावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. इथल्या डॉक्टरांनी हात वर केले, मोठ्या शहरातल्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिच्यासोबत मी जायचं ठरलं.

स्ट्रेचरवरसुद्धा पोरीची मान गॅलरीकडे. दादा पुढे झाला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, जे त्याने वहिनी गेल्यानंतर केलेलं मला आठवत नाही, आणि म्हणाला, "तुझ्या झाडांचं मी बघतो."

चिमी त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही?"

"मी. तू म्हणशील तसं. वाद घालणार नाही."

ती रडायला लागली. हाड मोडल्यावर रडली नव्हती.

तिकडे ऑपरेशन झालं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, चिमी अजून औषधांच्या गुंगीत असताना, दादाचा फोन आला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आवाज मधेच यायचा, मधेच जायचा. मी फोन तिच्या कानाशी धरला. दादा घाबऱ्या आवाजात सांगत होता, चिवटीची खालची पानं सुरकुतलीत, तुझ्या त्या बाई काय म्हणतील, पाणी घालू का, किती घालू. मलासुद्धा ऐकू येत होतं. चिमीने डोळे मिटूनच उत्तर दिलं, "बाबा, पाणी सोडा, पंखा लावा."

"काय म्हणालीस?"

"पाणी सोडा हो. पंखा लावा."

"सोडतो. काही काळजी करू नकोस. सोडतो."

मी सगळं ऐकलं आणि मला काहीही खटकलं नाही. ती म्हणाली, पाण्याचं सोडा. तो म्हणाला, सोडतो. सरळ होतं. एवढी वर्षं तारा जोडून द्यायचं काम केलेल्या माझ्या कानांना वाटलं, या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांना नीट ऐकू गेलं. चिमी झोपेत हसत होती. मला बरं वाटलं, एवढंच मला आठवतं.

त्यानंतर रोज त्याचा फोन यायचा. "सगळं वेळच्या वेळी चाललंय. पंखा चालू आहे. एकदम टवटवीत झाल्यात." चिमी शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायची, माझे बाबा माझी झाडं सांभाळतात. दिवसातून दोनदा सांगायची.

आम्ही परत आलो तेव्हा दादा धुतलेला शर्ट घालून दारात उभा. चिमी कुबड्यांवर होती. तिला बसूसुद्धा न देता तो म्हणाला, "आधी बघायला चल." त्याने गॅलरीचं दार असं उघडलं, जणू आत पाहुणे आहेत.

त्याने काय केलं होतं ते पहिल्यांदा डोळ्यांत भरलं. वर एक बारीक नळी टाकली होती, तिला सुईएवढे फाटे, प्रत्येक कुंडीवर एक. टोकाला छोटी चावी. पहिल्या कुंडीला आणि शेवटच्या कुंडीला पाणी अगदी सारखं मिळेल असा दाब त्याने बसवला होता. त्याच्या धंद्यात याहून नेटकं काम मी पाहिलं नाही. पंखा फिरत होता. आणि खाली चिवट्या बसल्या होत्या, फुगलेल्या, पिवळट, पानांतून पलीकडचं दिसेल अशा.

"पहिल्यांदा काय भरल्या होत्या अगं!" दादा सांगत होता. "आता दोन-चार दिवस जरा रुसल्यात. पण मी एक दिवस चुकवला नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी सोडलं."

चिमीने एक कुबडी भिंतीला टेकवली आणि समोरच्या रोपाला बोट लावलं. सगळी पानं एकदम गळून पडली. मधला दांडा काळा. तिने दुसऱ्याला हात लावला, तिसऱ्याला लावला.

"तूच म्हणालीस ना," दादाचा आवाज खाली आला, "पाणी सोडा."

त्या क्षणी आम्हा तिघांनाही ते कळलं. तिने सोडून द्यायला सांगितलं आणि चावीवाल्याने सोडलं. ज्याला आयुष्यभर अख्ख्या गावाने "पाणी सोडा" म्हणून हाका मारल्या, त्याला त्या शब्दांचा दुसरा अर्थ सुचणार तरी कुठून?

"मला नवल वाटलं होतं गं," तो म्हणाला. "या झाडांना पाणी चालत नाही हे मला काय माहीत नाही? पण म्हटलं, आपल्याला काय कळतं. तिला कळतं. वाद घालायचा नाही असा शब्द दिलाय."

मला त्याच्या कानशिलात मारावीशी वाटली आणि त्याला कुशीतही घ्यावंसं वाटलं. जन्मभर उलट बोलणाऱ्या माणसाने नेमकं तेव्हाच गप्प बसावं? नेहमीसारखा भांडला असता, "पाणी कसलं सोडा, डोकं ठिकाणावर आहे का?" एवढं जरी म्हणाला असता, तरी सगळी वाचली असती.

चिमी म्हणाली, "हो बाबा. मीच म्हणाले तसं." मग म्हणाली, "मला जरा बसवता का?"

ती त्याच्यावर ओरडली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दादा वाट बघत होता. जेवताना तिच्या तोंडाकडे बघायचा, मुद्दाम मीठ जास्त झालंय म्हणायचा, दार आपटायचा. ती "हो बाबा" म्हणायची. मला एकदा म्हणाला, "चार शब्द बोलली असती तर मोकळा झालो असतो. एवढं तरी करायचं तिने." मी म्हटलं, तूच सांग तिला. 

डोंगरावरच्या बाईंचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं तिथेच होतो. बापाने पाणी घालून मारली, असं चिमी सांगू शकली असती. ती म्हणाली, "नाही टिकली हो. इथली हवा तिला मानवली नाही." त्या बाईंनी पुन्हा फोन केला नाही. ज्या झाडाने आमची हवा पचवली होती, त्याच्याच माथी तिने खोटा आळ घातला, बापाच्या माथी येऊ नये म्हणून. दादाने हे सगळं ऐकलं. नंतर तो बराच वेळ बाथरूममध्ये होता आणि नळ मात्र चालू नव्हता.

पाय बरा झाल्यावर चिमी स्वतःहून म्हणाली, "बाबा, ती खिडकीवरची जागा अजून आहे का?"

जागा होती. दादाला जे हवं होतं ते सगळं मिळालं. खुर्ची, पंखा, पेन्शन. ती डबा घेऊन सकाळी जायची, संध्याकाळी यायची. गॅलरीकडे जायची नाही. कपडे वाळत घालायचं कामसुद्धा माझ्याकडे आलं. शेजारीपाजारी दादाचं अभिनंदन करायचे, "मार्गी लागली हो मुलगी." तो त्यांच्याकडे असा बघायचा की ती माणसं काढता पाय घ्यायची.

एकदा, ती कामावर गेलेली असताना, तो गॅलरीतली नळीची मांडणी सोडवायला गेला. जरा वेळाने दबक्या आवाजात हाक आली, "इकडे ये. हळू ये. वारा घालू नकोस."

पंख्यामागच्या खिडकीच्या फळीवर, जिथे त्याची नळी पोचत नव्हती, विटेच्या चुऱ्यात एक पान पडलं होतं. चिमीने काम करताना कधीतरी झटकलेलं असेल. वाळून कागद झालं होतं. पण त्याला गुलाबी मुळं होती आणि टोकाला मणी. राखाडी-हिरवा, टोकाला वाईनचा रंग.

"चिवटी," दादा म्हणाला. मी म्हटलं, तिला लगेच फोन कर. तो म्हणाला, "नको. जगलं तर सांगू. दुसऱ्यांदा नाही मारायचं मला तिच्यासमोर."

मग मी जे पाहिलं ते सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. माझा दादा काही न करायला शिकला. मातीच्या वाटीत कोळसा, रेती आणि विटेचा चुरा घालून ते पिल्लू त्याने आपल्या खोलीतल्या खिडकीत ठेवलं, समोर पंखा लावला आणि खुर्ची घेऊन हात मांडीवर ठेवून बसला. हात चुळबुळायचे, तो एका हाताने दुसरा धरायचा. चहाचा कपसुद्धा तिथे नेत नसे, वाफ लागेल म्हणून. मी जवळ गेले की म्हणायचा, "लांबून!" सकाळचं ऊन द्यायचं, दुपारचं नाही. खालची पानं सुरकुतली तरी धीर धरायचा, मग बुडाशी जेमतेम घोटभर पाणी, तेही पंख्याच्या वाऱ्यात वाळेल इतकं. हे त्याला कुणी शिकवलं? चिमीनेच. वर्षानुवर्षं ती गिऱ्हाइकांना हे सांगत होती आणि हा पलीकडे पेपर वाचत बसायचा. सगळं कानावर पडत होतं. ऐकलं मात्र नव्हतं. "माझ्या पोरीला केवढं येत होतं गं," तो एकदा म्हणाला.

पुढचा पावसाळा आला. भिंतींना पाझर फुटला, पुस्तकं फुगली, माझी कंबर धरली. चिवटी हललीसुद्धा नाही. पाऊस सरला तेव्हा ती तळहाताएवढी झाली होती. चिमीचं म्हणणं खरं होतं. ते झाड या हवेत जगतं, याचा पुरावा आमच्या घरात उभा होता.

दादाने सुट्टीचा दिवस धरला नाही, त्याला धीरच नव्हता. संध्याकाळी ती यायच्या वेळी त्याने वाटी जेवायच्या टेबलावर ठेवली, तिच्या जागेसमोर. धुतलेला शर्ट घातला. मला म्हणाला, "तू काही बोलायचं नाहीस. ती ओळखेल. मग मी त्या डोंगरावरच्या बाईंना स्वतः फोन करून सांगणार, माझ्यामुळे झालं म्हणून."

चिमी आली ती फोनवर बोलतच. खिडकीवरच्या कुणा मैत्रिणीशी. कामावर काही लफडं झालं होतं. "अगं, माणूस माझ्यावर ओरडतोय, पाणी का सोडत नाही म्हणून! मी काय टाकीवर बसलेय? मी बिलं घेते!" पर्स टेबलावर टाकली, पेल्यात पाणी ओतलं, उभ्या-उभ्या अर्धं प्यायली. दादा खुर्चीवरून अर्धवट उठला होता. बोलता-बोलता तिची नजर वाटीवरून गेली. गेली आणि पुढे निघून गेली. आणि उरलेलं पाणी तिने त्या वाटीत ओतून दिलं, कुठल्याही घरात कुठलीही बाई कुंडी दिसली की ओतते तसं, पानांच्या मधोमध. मग पेला ठेवला आणि फोनवर बोलत आत हातपाय धुवायला गेली.

दादा तसाच उभा राहिला. पांढरा थर धुऊन गेला होता आणि थेंब पानांवरून टेबलावर उतरत होते. टेबलावर थारोळं झालं.

मग त्याने वाटी उचलली. एक बोटही पानाला न लावता झाड बुडाशी धरून अलगद बाहेर काढलं, ओला चुरा झाडला, शर्टाच्या टोकाने मुळं टिपली.  मी हलक्या आवाजात विचारलं, "सांगू का तिला?"

"नको," तो म्हणाला. "दमून आलीये."

मला काय करावं कळेना. मी फडकं घेऊन टेबल पुसायला लागले. तो माझ्याकडे न बघता, झाड हातात धरून म्हणाला, "तू ते पाणी सोड गं. पंखा लाव."

तो काय बोलला ते त्याच्या लक्षातही आलं नाही. मी फडकं ठेवलं आणि पंखा लावला.